अर्धायुष्य आणि नोंदवही



सप्टेंबर १९८७. ब्राझीलमधलं गोयानिया शहर. तिथल्या एका खासगी किरणोपचार केंद्राने दोनेक वर्षांपूर्वी जागा बदलली होती. जुनी इमारत अर्धवट पाडलेल्या अवस्थेत उभी होती, राखणदार नव्हता, आणि आत कर्करोगाच्या रुग्णांवर किरणांचा मारा करणारं एक यंत्र तसंच राहून गेलं होतं. १३ सप्टेंबरला दोन तरुण आत शिरले. यंत्राचा जड धातूचा भाग त्यांनी उचकटून काढला, हातगाडीवर घालून घरी नेला, खोलायची खटपट केली आणि काही दिवसांनी भंगारवाल्याला विकला.

त्या रात्री भंगारवाल्याला खोलीतून निळा उजेड येताना दिसला. धातूच्या छोट्या डबीतली भुकटी अंधारात चमकत होती. एवढी सुंदर वस्तू मौल्यवान असणारच, अशी त्याची समजूत झाली. त्याने शेजाऱ्यांना, नातलगांना बोलावून ती दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढे कण वाटले. कुणी ते अंगाला चोळले, कुणी खिशात ठेवून घरी नेले. एका घरात सहा वर्षांची मुलगी त्या चमकत्या कणांशी खेळली आणि तेच हात न धुता जेवली.

भुकटी होती सीझियम क्लोराइडची. वजन ९३ ग्रॅम, म्हणजे घरातल्या छोट्या वाटीत मावेल एवढी. ऑक्टोबर संपेपर्यंत चार माणसं दगावली. त्यांत ती मुलगी होती.

एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत किरणोत्साराचा विषय मांडताना सुरुवात गोयानियापासून करायची, याला कारण आहे. विस्तवाजवळ हात गेला तर चटका बसतो, सडलेल्या अन्नाचा वास येतो, विजेचा धक्का जाणवतो. किरणोत्साराची चाहूल मात्र डोळ्याला, कानाला, नाकाला, जिभेला, त्वचेला, कुणालाच लागत नाही. गोयानियातला तो निळा उजेडदेखील अपवादानेच दिसला, आणि त्याने भीतीऐवजी मोह घातला. जिथे पंचेंद्रियं कामाला येत नाहीत तिथे दोनच गोष्टी उपयोगी पडतात: पदार्थ काय आहे याचं ज्ञान, आणि तो कुठे आहे याची नोंद. आजचं व्याख्यान या दोन गोष्टींबद्दल आहे.

ज्ञानाची गोष्ट पॅरिसमधल्या एका टेबलाच्या खणात सुरू होते. नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले होते आणि युरोपभर त्यांचीच चर्चा होती. पॅरिसमधले आंरी बेकरेल वेगळ्या प्रश्नामागे होते: उन्हात ठेवल्यावर चमकणारे काही क्षार तसेच किरण सोडत असतील का? त्यांनी युरेनियमचा एक क्षार घेतला. काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर तो ठेवायचा, उन्हात मांडायचा आणि काच धुऊन ठसा उमटतो का ते पाहायचं, असा प्रयोग होता. फेब्रुवारी १८९६ च्या अखेरीस पॅरिसवर ढग दाटले. ऊन नाही म्हणून बेकरेल यांनी काच आणि क्षार दोन्ही खणात ठेवून दिले. १ मार्चला त्यांनी ती काच तशीच धुतली. ठसा अगदी फिका असेल अशी त्यांची अपेक्षा होती, प्रत्यक्षात तो ठसठशीत उमटला होता. ऊन नव्हतं, उष्णता नव्हती, वीज नव्हती. युरेनियम आपण होऊन काहीतरी बाहेर टाकत होतं.

मारी क्युरी यांनी हा धागा उचलला. त्यांनी एकेक मूलद्रव्य तपासलं आणि थोरियमही असेच किरण सोडतं हे दाखवलं. मग त्यांना विचित्र गोष्ट आढळली. युरेनियम ज्यातून काढतात ते पिचब्लेंड नावाचं खनिज शुद्ध युरेनियमपेक्षाही तीव्र होतं. म्हणजे त्यात आणखी काहीतरी असलं पाहिजे. १८९८ च्या जुलैमध्ये मारी आणि त्यांचे पती पिएर यांनी पोलोनियम जाहीर केलं, डिसेंबरमध्ये रेडियम. या गुणधर्माला नावही मारी यांनीच दिलं. मराठीत त्यालाच किरणोत्सार म्हणतात. पुढची काही वर्षं गळक्या छपराच्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळून, गाळून, स्फटिकं बनवून १९०२ मध्ये त्यांच्या हाती आलं ग्रॅमचा दहावा भाग रेडियम क्लोराइड.

त्या काळी किरणोत्सारापासून जपायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. मारी क्युरी १९३४ साली रक्तक्षयाच्या एका गंभीर विकाराने गेल्या. आयुष्यभर सोसलेला किरणोत्सार हेच त्याचं कारण मानलं जातं. त्यांच्या प्रयोगवह्या आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाचं अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. पानांवर रेडियमचे कण आहेत, आणि रेडियमला निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात.

हे 'निम्मं होणं' म्हणजे नेमकं काय? ते समजायला अणूच्या आत जायला हवं.

अणूच्या मध्यभागी अणुगर्भ असतो. त्यात धनभारित प्रोटॉन आणि भाररहित न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून प्रोटॉन सतत एकमेकांपासून दूर पळू पाहतात. त्यांना बांधून ठेवतं ते गर्भातलं एक फार जोरकस, पण अगदी जवळच्या अंतरापुरतंच चालणारं बल. न्यूट्रॉन या बांधणीत भर घालतात आणि ढकलाढकलीत भाग घेत नाहीत. दोन्हींचं प्रमाण जुळलं की गर्भ कायम टिकतो. न्यूट्रॉन जास्त झाले, कमी पडले किंवा गर्भ फारच मोठा झाला, की तो अस्थिर होतो. मग तो काहीतरी बाहेर टाकून अधिक स्थिर रूपाकडे जातो. यालाच किरणोत्सारी क्षय म्हणतात.

बाहेर पडणाऱ्या या 'काहीतरी'ची वर्गवारी न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १८९९ मध्ये सुरू केली. चटकन अडणाऱ्यांना त्यांनी अल्फा म्हटलं, जास्त खोल जाणाऱ्यांना बीटा. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हिलार यांना तिसरे, सर्वांत भेदक किरण सापडले, त्यांना पुढे गॅमा हे नाव मिळालं. अल्फा म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची गाठोडी, हेलियमचा गर्भच. ती जड असते, म्हणून वाटेतल्या अणूंना धडकत लगेच थांबते. एक कागद तिला पुरतो, त्वचेचा वरचा मृत थरही पुरतो. बीटा क्षयात गर्भातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. तो काही मिलिमीटर ॲल्युमिनियमने अडतो. गॅमा म्हणजे क्ष-किरणांच्याच जातीचा, पण सहसा जास्त ऊर्जेचा प्रकाश. त्याला थोपवायला शिशाचा जाड थर किंवा काँक्रीटची भिंत लागते.

यावरून अल्फा निरुपद्रवी आणि गॅमा घातक असा निष्कर्ष कुणी काढला तर तो अर्धाच बरोबर ठरेल. बाहेरून पाहिलं तर अल्फाला कपडेही अडवतात. पण तोच पदार्थ श्वासातून किंवा अन्नातून शरीरात गेला, की त्या जड गाठोड्यांचा सारा मारा जवळच्या पेशींवर पडतो. पदार्थ शरीराबाहेर आहे की आत, हा प्रश्न म्हणूनच किरणांच्या जातीइतकाच महत्त्वाचा आहे.

रदरफर्ड यांचं याहून मोठं काम कॅनडातल्या माँट्रियलमध्ये झालं. तिथे फ्रेडरिक सॉडी या तरुण रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी १९०१-०२ मध्ये थोरियमचा अभ्यास केला. थोरियममधून एक वायू सुटत होता आणि त्याची तीव्रता साधारण मिनिटाभरात निम्मी होत होती. आणखी मिनिटाने उरलेल्याची निम्मी, पुढच्या मिनिटाने त्याचीही निम्मी. दोघांनी निष्कर्ष काढला तो रसायनशास्त्राला हादरा देणारा होता: एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलतंय. लोखंडाचं सोनं करायचा खटाटोप शतकानुशतकं चालला होता. इथे निसर्ग मूलद्रव्यं बदलत होता, पण आपल्या मर्जीने, कुणाच्या भट्टीला न जुमानता. किरणोत्सारी पदार्थ तापवा, गोठवा, आम्लात विरघळवा, दाबाखाली ठेवा, क्षयाचा वेग व्यवहारात बदलत नाही. रासायनिक क्रिया अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी चालतात. गर्भापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही.

आता अर्धायुष्य. या सभागृहात चारशे श्रोते बसले आहेत अशी कल्पना करा. सगळ्यांनी उभं राहायचं. प्रत्येकाच्या हातात एक नाणं. घंटा झाली की सगळ्यांनी नाणं उडवायचं. काटा आला तर खाली बसायचं, छापा आला तर उभं राहायचं. पहिल्या घंटेनंतर सुमारे दोनशे उभे राहतील, दुसरीनंतर शंभराच्या आसपास, तिसरीनंतर पन्नासेक, चौथीनंतर पंचविसेक. दोन घंटांमधला काळ म्हणजे अर्धायुष्य.

या खेळात दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. पहिली, पुढच्या घंटेला नेमकं कोण बसणार हे कुणालाही सांगता येणार नाही, पण किती बसतील हे बऱ्याच अचूकपणे सांगता येईल. चारशेंऐवजी कोटी-कोटी अणू असले तर हा अंदाज फारच अचूक होतो. दुसरी, चार घंटा उभा राहिलेला माणूस पाचव्या घंटेला बसण्याची शक्यता जराही वाढलेली नसते. त्याचं नाणं ताजंच आहे. अणूही असाच. तो म्हातारा होत नाही. पृथ्वीइतका जुना युरेनियमचा अणू आणि आज बनलेला युरेनियमचा अणू, दोघांची पुढच्या वर्षभरात मोडण्याची शक्यता अगदी सारखी.

प्रत्येक पदार्थाची घंटा वेगवेगळ्या गतीने वाजते. युरेनियम-२३८ ला निम्मं व्हायला सुमारे ४५० कोटी वर्षं लागतात, म्हणजे जवळपास पृथ्वीच्या वयाएवढी. म्हणूनच ते अजून जमिनीत सापडतं. चौदा टप्प्यांनी, वाटेत रेडियम, रेडॉन, पोलोनियम अशी रूपं घेत, ते शेवटी स्थिर शिशात बदलतं. रेडॉन-२२२ चं अर्धायुष्य ३.८ दिवस, आयोडिन-१३१ चं ८ दिवस, कोबाल्ट-६० चं ५.२७ वर्षं, सीझियम-१३७ चं ३० वर्षं, प्लुटोनियम-२३९ चं २४ हजार वर्षं. रुग्णालयात हाडांच्या किंवा हृदयाच्या तपासणीसाठी टोचतात ते टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं. डॉक्टरांना हवी ती प्रतिमा मिळेपर्यंत ते टिकतं आणि दोन-तीन दिवसांत जवळजवळ संपतं. अर्धायुष्य बघून पदार्थ निवडणं ही अणुवैद्यकाची निम्मी विद्या आहे.

हेच घड्याळ भूतकाळही सांगतं. हवेतल्या नायट्रोजनवर विश्वकिरणांचा परिणाम होऊन कार्बन-१४ बनत राहतो. झाडं तो कार्बन डायऑक्साइडबरोबर घेतात, प्राणी झाडांकडून घेतात. झाड तोडलं की नवा पुरवठा थांबतो आणि आतल्या कार्बन-१४ चं घड्याळ चालू होतं, अर्धायुष्य ५७३० वर्षं. अमेरिकेत विलार्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास ही पद्धत उभी केली आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी प्रयोगशाळा होती आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांमधल्या कोळशाचे नमुने तिथे मोजले गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी उत्खनन केलेलं इनामगाव इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं ठरलं, त्यामागे अशीच मोजणी आहे. तीन हजार वर्षांपूर्वी चुलीत जळालेल्या लाकडाच्या कोळशात आज सुमारे ७० टक्के कार्बन-१४ उरलेला असतो. वहीत कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं, पण कोळशाने तारीख जपली होती.

कोळशात किरणोत्सार आहे हे ऐकून कुणी दचकायचं कारण नाही. तो दगडात आहे, मातीत आहे, पाण्यात आहे, आणि इथे बसलेल्या प्रत्येकाच्या शरीरातही आहे. शरीराला पोटॅशियम लागतं. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा, म्हणजे किरणोत्सारी असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला सुमारे ४००० अणू मोडतात. सेकंदाला एक अणू मोडणं म्हणजे एक बेकरेल. जुनं एकक क्युरी, तेव्हाच्या मोजमापानुसार ग्रॅमभर रेडियमच्या तीव्रतेवरून ठरलेलं: सेकंदाला ३७०० कोटी अणू. ही एककं स्रोताची ताकद सांगतात. शरीराच्या दर किलोमागे किती ऊर्जा जिरली ते ग्रे हे एकक सांगतं, आणि किरणांची जात व अवयव लक्षात घेऊन धोका किती ते सीव्हर्ट.

माती, खडक, आकाश, अन्न आणि श्वासातला रेडॉन या सगळ्यांमिळून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार मिळतो. केरळच्या किनाऱ्यावर करुणागपळ्ळीच्या आसपास थोरियम असलेली मोनाझाइटची वाळू आहे, तिथे तो याहून कितीतरी जास्त आहे आणि लोक पिढ्यान् पिढ्या तिथे राहतात. तिथल्या रहिवाशांचा अनेक वर्षं अभ्यास झाला, त्यात कर्करोगाचं प्रमाण त्यामुळे वाढल्याचं आढळलं नाही. दुसऱ्या टोकाला, थोड्या वेळात साऱ्या शरीराला चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं काही आठवड्यांत दगावतात. किरणोत्सार 'आहे का' हा प्रश्न त्यामुळे अपुरा आहे. किती, कुठून आणि किती वेळात, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आणखी एक गल्लत महाराष्ट्रात नेहमी होते, ती कांद्याच्या निमित्ताने सांगता येईल. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' नावाचं केंद्र आहे. चाळीत साठवलेल्या कांद्याला कोंब फुटतात आणि तो वाया जातो. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा हलका मारा दिला की कोंब येणाऱ्या पेशींची वाढ थांबते. २००७ मध्ये याच केंद्रातून किरणप्रक्रिया केलेला हापूस आणि केसर अमेरिकेला गेला. तिथे आंबा पाठवायचा तर कोयीत लपलेली कीड पुढे वाढता कामा नये, अशी अट होती. वाशीला मसाल्यांसाठी असंच केंद्र २००० पासून आहे.

कांदा या प्रक्रियेने किरणोत्सारी होतो का? होत नाही. कोबाल्ट धातूच्या बंद नळ्यांत असतो, कांद्याला तो शिवत नाही, कांद्यावर फक्त किरण पडतात. आणि त्या किरणांत कांद्यातल्या अणूंचे गर्भ बदलण्याइतकी ऊर्जा नसते. बॅटरीचा उजेड पडला म्हणून भिंत उजेड देऊ लागत नाही, तसंच हे. किरण अंगावर पडणं ही एक गोष्ट, किरणोत्सारी पदार्थ अंगाला, कपड्याला, अन्नाला चिकटणं ही दुसरी. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या माणसापासून कुणालाही धोका नसतो. गोयानियात घडलं ते दुसऱ्या प्रकारचं होतं, आणि म्हणून तिथे पुन्हा जायला हवं.

सीझियम क्लोराइड मिठासारखं पाण्यात विरघळतं. हाताच्या घामाने, कपड्यांनी, नोटांनी, जनावरांच्या पायांनी ते गावभर गेलं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने सीझियम पोटॅशियमच्याच कुळातलं, म्हणून शरीर ते पोटॅशियम समजून स्नायूंत साठवतं. स्रोताची ताकद होती सेकंदाला सुमारे ५१ लाख कोटी अणू मोडण्याची. लोकांना उलट्या, जुलाब, त्वचेवर भाजल्यासारखे डाग येऊ लागले. डॉक्टरांनी आधी अन्नातली बाधा, ॲलर्जी, उष्ण कटिबंधातला एखादा आजार अशी निदानं केली. त्यांचाही दोष नव्हता, असं काही कुणी पाहिलंच नव्हतं.

पहिली शंका आली ती भंगारवाल्याच्या बायकोला. ही चमकती वस्तू घरात आल्यापासून माणसं आजारी पडताहेत, हे तिने ताडलं. २८ सप्टेंबरला वस्तूचे अवशेष पिशवीत घालून, एका कामगाराबरोबर बसने ती आरोग्य केंद्रात गेली आणि हे माझ्या माणसांना मारतंय, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने उसनं मोजणी-यंत्र आणलं. केंद्रापासून बऱ्याच अंतरावर असतानाच काटा शेवटच्या टोकाला भिडला. यंत्र बिघडलं असेल म्हणून तो दुसरं घेऊन आला, तरी तेच. तो पोहोचला तेव्हा अग्निशमन दलाची माणसं ती पिशवी नदीत टाकायच्या बेतात होती. त्याने त्यांना अडवलं. शाळेत शिकवलेलं भौतिकशास्त्र म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल: एका माणसाला कारण ठाऊक होतं, म्हणून एक नदी वाचली.

पुढे शहराच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये एक लाख बारा हजार लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं. निळा रंग म्हणून चित्रकार वापरतात ते प्रशियन ब्लू औषध म्हणून पोटात दिलं गेलं, ते आतड्यात सीझियमला पकडून बाहेर नेतं. घरं पाडली, माती खरवडली, साडेतीन हजार घनमीटर कचरा पिंपांत आणि पेट्यांत भरला. वस्तू डॉक्टरांकडे नेणारी ती बाई, ती सहा वर्षांची मुलगी आणि भंगाराच्या दुकानातले दोन तरुण कामगार हे चौघं गेले. मुलीला शिशाचं अस्तर असलेल्या शवपेटीत पुरायला नेलं तेव्हा घाबरलेल्या जमावाने दगडफेक केली. अज्ञानाचा हा दुसरा चेहरा. आधी चमकत्या विषाशी खेळ झाला, नंतर एका मृत मुलीची भीती वाटली.

गोयानिया परदेशात घडलं असं म्हणून हात झटकता येत नाहीत. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात माणसं अचानक आजारी पडू लागली. केस गळले, त्वचा काळी पडली. शोध घेतल्यावर कोबाल्ट-६० चे तुकडे सापडले. एका दुकानदाराने त्यातला एक तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला होता. तो कोबाल्ट दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या एका जुन्या किरणयंत्रातला होता. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी कॅनडातून आणलेलं ते यंत्र १९८५ पासून बंद होतं आणि २०१० च्या फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. एका माणसाचा जीव गेला, सात जण जखमी झाले.

इथे अर्धायुष्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कोबाल्ट-६० दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो. चाळीस वर्षांत साडेसात वेळा निम्मा झाला म्हणजे मूळच्या सुमारे दोनशेव्या भागावर आला. चारशे श्रोत्यांपैकी दोघंच उभे राहावेत, एवढा. तेवढ्याने माणूस मारला. 'जुनं झालंय, आता काय असणार' हा अंदाज लोखंडी कपाटाबद्दल चालतो, किरणोत्सारी स्रोताबद्दल नाही.

त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला होता. बटणांचं पोलाद महाराष्ट्रातल्या एका ओतशाळेतून गेलं होतं. कुठल्या तरी भंगारात मिसळलेला स्रोत वितळला आणि रोज शेकडो बोटं लागतात अशा वस्तूत जाऊन बसला. तिथेही कुणी जाणूनबुजून काही केलं नव्हतं. कुठल्या तरी वहीतली एक ओळ हरवली होती, एवढंच.

तिन्ही घटनांत पदार्थ आपल्या नियमाने वागला, एका क्षणाचीही गफलत त्याने केली नाही. विसरली ती माणसं. यंत्र आणणारे निवृत्त होतात, विभागप्रमुख बदलतात, इमारत विकली जाते, फाइल गोदामात जाते. संस्थेची आठवण पंधरा-वीस वर्षांत विरते, सीझियमला निम्मं व्हायलाच तीस लागतात. या तफावतीत माणसं मरतात.

ही तफावत भरून काढण्याची व्यवस्था अस्तित्वात आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. त्याच्या परवान्याशिवाय रुग्णालय, कारखाना किंवा महाविद्यालय कुणालाही असा स्रोत बाळगता येत नाही, आणि काम संपल्यावर तो परत द्यावा लागतो किंवा ठरवून दिलेल्या ठिकाणी सोपवावा लागतो. पिवळ्यावर काळं तीन पात्यांचं चिन्ह सगळ्यांनी पाहिलं असेल, पण अनेकांना ते पंख्यासारखं वाटतं. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ मध्ये धोकादायक स्रोतांसाठी एक नवं चिन्ह आणलं: लाल त्रिकोण, वर तेच तीन पात्यांचं चिन्ह आणि त्यातून निघणाऱ्या लहरी, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते निवडण्याआधी भारतासह अकरा देशांतल्या लोकांना दाखवून पाहिलं होतं, अक्षरओळख नसलेल्यालाही इथून पळायचं हे कळतं का, यासाठी. बहुतेकदा ते यंत्राच्या आत, स्रोताजवळ बसवतात. यंत्र खोलणाऱ्यासाठी तो शेवटचा इशारा असतो.

या सभेला महाविद्यालयांचे प्राचार्य, विज्ञानशिक्षक, दवाखाने चालवणारे डॉक्टर आले आहेत. त्यांना विनंती एवढीच आहे. आपल्या संस्थेच्या जुन्या प्रयोगशाळेत, तळघरात, बंद खोलीत काय आहे, याची यादी या वर्षी करा. ती यादी एकाच्या डोक्यात न ठेवता नोंदवहीत लिहा आणि पुढच्या माणसाला सही घेऊन द्या. शिक्षकांनी भंगार बाजारात जाऊन ती दोन चिन्हं एकदा दाखवावीत. तिथे काम करणारी मुलं कुठल्याही विद्यार्थ्याइतकीच हुशार आहेत, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. अंगण झाडताना, गोदाम आवरताना, भंगार तोडताना असं चिन्ह असलेली, किंवा आकाराच्या मानाने फारच जड आणि कुलूपबंद वस्तू दिसली, तर हात लावू नका, दूर व्हा, इतरांना दूर करा आणि पोलिसांना कळवा. हात लागलाच असेल तर साबणाने धुवा, कपडे बदलून पिशवीत बांधून बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगा.

गोयानियाचा कचरा शहराजवळच्या अबादिया येथे काँक्रीटखाली ठेवलेला आहे. २०१७ मध्ये त्यातलं सीझियम निम्मं झालं. २०४७ मध्ये ते चौथाई उरेल.